दिघीत गरम, बारालाचावर गार: बाइकच्या हीटेड ग्रिप्स नक्की कुठे दगा देतात?

मे महिना. दिघीत दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला. आळंदी रोडवर नुसतं उभं राहिलं तरी डोकं तापतं. आणि अशा उन्हात माझा एक मित्र गॅरेजमध्ये बसून बाइकच्या हँडलला हीटर लावून घेत होता. चहा घेऊन आलेल्या काकांना राहवलं नाही. "काय रे बाबा, ऊन कमी पडतंय का?"

मित्र चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. वर्षभर सुट्ट्या साठवून तो जूनमध्ये मनालीहून लेहला जाणार होता, म्हणून ही तयारी. ग्रिप्स बसवून झाल्या, बटण दाबलं, लाल दिवा लागला. दोन मिनिटांत मुठीवर हात ठेववेना. "ओके आहे दादा, जा बिनधास्त," असं ऐकून त्याने पैसे दिले आणि घरी आला.

बारालाचा ला ही खिंड जवळपास ४,९०० मीटर उंचीवर आहे. ती चढताना त्याची उजवी मूठ गार पडली. मग थोडी गरम झाली, मग परत गार. उजवा हात म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. वर पोचेपर्यंत आपली बोटं ब्रेक लिव्हरवर आहेत की नाहीत, हे त्याला खाली बघून ठरवावं लागत होतं. हात सांगत नव्हता.

परत आल्यावर निदान झालं, "एलिमेंट गेलंय. सेट बदलावा लागेल." त्याने काही हजार घालून नवा सेट टाकला. जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला जाताना तीच उजवी मूठ परत गार! तेव्हा मात्र आम्ही दोघांनी एका रविवारी बाइक उघडून बसायचं ठरवलं. उजव्या ग्रिपमधून निघणारी वायर हँडलला झिप टायने करकचून बांधलेली होती. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ती एकाच ठिकाणी वाकायची. वरचं प्लास्टिक शाबूत, आतल्या तारा तुटलेल्या. माळ्यावर टाकलेला जुना सेट काढून पाहिला, तर तिथेही तोच प्रकार. वायरला नवा तुकडा जोडला आणि 'गेलेली' जुनी ग्रिप मस्त तापली.

म्हणजे नवा सेट घ्यायची काहीच गरज नव्हती. ज्या कारणाने पहिला गेला, त्याच कारणाने दुसराही गेला. कारण बदललंच नव्हतं, फक्त वस्तू बदलली होती.

त्यानंतर या विषयाच्या जरा मागेच लागलो. आणि एक गोष्ट पक्की झाली. हीटेड ग्रिप बंद पडते तेव्हा ग्रिपवर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा. आधी तिच्यापर्यंत येणारा करंट तपासायचा.

आत असतं तरी काय?

फार काही नाही. रबराच्या मुठीखाली एक बारीक रोधक तार किंवा पातळ फिल्मवरची धातूची पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यातून करंट गेला की ती तापते. घरातल्या इस्त्रीचं किंवा पाणी तापवायच्या रॉडचं जे तत्त्व, तेच इथेही. फरक एवढाच, की ही १२ व्होल्टवर चालते आणि दोन्ही मुठी मिळून साधारण ३० ते ५० वॅट घेतात. इस्त्रीच्या तुलनेत किरकोळ, पण बाइकच्या मानाने कमी नाही.

मध्ये एक कंट्रोलर असतो, म्हणजे तेच बटणांचं डबडं. बरेचसे कंट्रोलर व्होल्टेज कमी-जास्त करत नाहीत. ते सेकंदाला अनेकदा करंट चालू-बंद करतात. ४० टक्क्यांवर ठेवलं तर एकूण वेळाच्या ४० टक्के वेळच करंट जातो. चांगल्या कंट्रोलरमध्ये आणखी एक सोय असते. बॅटरीचं व्होल्टेज एका पातळीखाली, सहसा साडेअकराच्या आसपास, गेलं की तो ग्रिप्स स्वतःहून बंद करतो, म्हणजे निदान बाइक तरी स्टार्ट व्हावी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एलिमेंटमध्ये हलणारा भाग नाही, झिजणारा भाग नाही. ते खराब होतं ते मारहाणीमुळे. बाइक आडवी पडून हँडलचं टोक आपटलं, जुनी ग्रिप काढताना कोणी स्क्रू ड्रायव्हर खुपसला, लांबी जास्त झाली म्हणून ग्रिप नको तिथे कापली, असं काहीतरी कारण असतं. असं काही घडलेलं नसेल, तर एलिमेंट निर्दोष धरून चालायला हरकत नाही.

मग दिघीत चालणारी ग्रिप तिकडेच का रुसते?

आधी एक गंमत सांगतो. लडाखचे हे रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनचा, म्हणजे बीआरओचा, दिघीशी थेट संबंध आहे. बीआरओची स्थापना १९६० ची. तिचं मनुष्यबळ असलेल्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, म्हणजे 'ग्रेफ'चं केंद्र आपल्या दिघी कॅम्पात आहे. भरतीची जाहिरात आली की देशभरातली पोरं याच पत्त्यावर येतात. मनाली-लेह रस्त्यावर दगडांवर रंगवलेल्या पाट्यांवर 'ग्रेफ' हे नाव वाचून आपल्याकडच्या रायडर्सना उगाच गाववाला भेटल्यासारखं वाटतं, ते त्यामुळेच.

पण पत्ता एक असला तरी हवा एक नाही. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबानेच तीसेक अंशांचा फरक पडतो.

त्यात वारा. हवा शून्य अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटरने जात असाल, तर वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या सूत्रानुसार उघड्या कातडीला ती उणे ९ सारखी लागते. दिघीत जानेवारीच्या पहाटे १० अंश असताना त्याच वेगाने चाकणला निघालात, तर ५ अंशांसारखी. शिफ्टवाल्यांना हे सांगायला नको, त्यांची बोटं रोज सांगतात.

थंडीत शरीर आधी पोटातले अवयव सांभाळतं आणि हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं. बोटं बधिर होतात ती त्यामुळे. ब्रेकवर किती जोर दिलाय ते कळत नाही, क्लच अर्धवट सुटतो. घाटात ही गैरसोय राहत नाही, तो धोका होतो.

आता मूळ प्रश्न. मे महिन्यात गॅरेजमध्ये उभ्या बाइकवर ग्रिप तपासली, तर ती निम्म्या ताकदीनेही चटका देईल, कारण उष्णता ओढून न्यायला वारा नाही आणि हवाच चाळीस अंशांवर आहे. खिंडीत तीच निम्मी ताकद पुरत नाही. म्हणजे ग्रिप तिकडे बिघडली असं नेहमीच नसतं. ती इथेच अर्धवट चालत होती, आपल्याला कळलं नाही.

दोष शोधायचा कसा? आधी लक्षण बघा

दोन्ही मुठी एकदम बंद असतील आणि कंट्रोलरचा दिवाही लागत नसेल, तर ग्रिप्सकडे बघूसुद्धा नका. दोन्ही एलिमेंट एकाच दिवशी मरत नाहीत. (काही बाइकमध्ये दोन्ही मुठी एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. तिथे मात्र एक तुटली की दुसरीही बंद. पण तेव्हाही दिवा लागतो.) अशा वेळी फ्यूज बघायचा, बॅटरीवरचे रिंग टर्मिनल सैल आहेत का ते बघायचं, आणि चावी चालू केल्यावर कंट्रोलरला सिग्नल देणारी वायर कुठून घेतलीय ते शोधायचं. हे सगळं सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे सापडतं.

एकच मूठ बंद असेल, तर मीटर नसतानाही करता येण्यासारखी एक युक्ती आहे. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये कंट्रोलरपासून दोन वायरी निघतात आणि डाव्या-उजव्या ग्रिपचे कपलर सारखेच असतात. बाइक बंद करून ते अदलाबदल करून लावा. उजवी बंद होती आणि आताही उजवीच बंद आहे? मग दोष त्या ग्रिपमध्ये किंवा तिच्या वायरमध्ये. आता डावी बंद पडली? मग ग्रिप्स ठीक आहेत, कंट्रोलर किंवा त्याच्यापुढची वायर बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या मित्राच्या बाबतीत पहिल्याच दिवशी हे कोणी केलं असतं, तर निदान तपास योग्य बाजूने सुरू झाला असता.

डावी मूठ उजवीपेक्षा जरा कमी तापते, अशी तक्रार खूप जण करतात. हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. उजवी ग्रिप अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर बसते. डावी थेट धातूच्या हँडलवर, आणि धातू उष्णता ओढून नेतो. काही कंपन्या म्हणूनच डाव्या-उजव्या एलिमेंटची ताकद वेगवेगळी ठेवतात.

मध्येच चालू, मध्येच बंद हे सगळ्यात डोकं खाणारं लक्षण, आणि तिथे पहिला संशयित म्हणजे उजव्या बाजूची वायर. दिवसभराच्या प्रवासात अ‍ॅक्सिलरेटर शेकडो वेळा पिळला जातो आणि प्रत्येक वेळी ती वायर वाकते. तिला सैल वळसा दिलेला असेल, तर वाकण्याचा ताण लांबीभर पसरतो. तीच ताणून बांधली, तर सगळा ताण एका बिंदूवर येतो, आणि हातात घेऊन मागेपुढे वाकवलेली तार तुटते तशी ती आतून तुटते. बाहेरून काही दिसत नाही. तुटलेली टोकं कधी एकमेकांना टेकतात, कधी नाही. थंडीत प्लास्टिक ताठ होतं, मग हा खेळ आणखी वाढतो.

तपासायला ग्रिप चालू ठेवून (बाइक स्टँडवर, इंजिन बंद, फार वेळ नाही) वायर इंचाइंचाने हलवत जा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळा. कुठल्याही स्थितीत वायर ताठ झालेली दिसली, तर आज ना उद्या ती तिथेच तुटणार.

हे करताना आणखी एक गोष्ट बघायचीच. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तो फटकन मागे येतो का? हीटेड ग्रिप नेहमीपेक्षा जाड आणि कडक असते. ती आतल्या बाजूला स्विचच्या डबीला किंवा बाहेरच्या बाजूला हँडलच्या टोकाला घासत असेल, किंवा वायर मध्ये अडकत असेल, तर रेस अडकून राहते. गार मुठीपेक्षा हे शंभर पटीने धोकादायक आहे. घासतेय असं वाटलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत बाइक रस्त्यावर काढू नका.

तीन-चारशे रुपयांचं मीटर काय सांगतं

डिजिटल मल्टिमीटर भोसरी-दिघी पट्ट्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. महागातला नको.

पहिली चाचणी बाइक बंद करून. ग्रिपचा कपलर काढा, मीटर ओहमवर ठेवा, मीटरच्या दोन पिना ग्रिपच्या दोन टोकांना लावा. किती यायला हवं? बॉक्सवर वॅट लिहिलेले असतात. दोन्ही मिळून ३६ वॅट असतील, तर एकीला १८. बाराचा वर्ग १४४, भागिले १८, म्हणजे ८ ओहम. तुमच्या मीटरवर ८ च्या आसपास आकडा आला, तर एलिमेंट ठणठणीत आहे. आकडाच न येता 'ओएल' किंवा डावीकडे नुसता १ दिसला, तर कुठेतरी तार तुटली आहे. शून्याच्या जवळ आला, तर आत शॉर्ट आहे आणि फ्यूज का उडतोय याचं उत्तर मिळालं. स्वस्त मीटरच्या पिना एकमेकांना टेकवल्या तरी पाव-अर्धा ओहम दाखवतात, तेवढा वजा धरायचा.

पिना तशाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पिळा. आकडा नाचला की समजायचं, तुटकी वायर सापडली. आमच्या बाइकवर ८ वरून थेट 'ओएल' झाला होता. मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक पिन ग्रिपच्या टोकाला आणि दुसरी हँडलच्या उघड्या धातूला लावूनही बघा. तिथे काहीच आकडा यायला नको. आला, तर वायर कुठेतरी सोलपटून हँडलला टेकते आहे.

आता त्या लक्षणाकडे येतो, ज्याचं निदान सगळ्यात जास्त चुकतं. दोन्ही मुठी चालू आहेत, पण नुसत्या कोमट.

८ ओहमच्या एलिमेंटला साडेतेरा व्होल्ट मिळाले (चालू इंजिनवर साधारण एवढे असतात), तर उष्णता मिळते सुमारे २३ वॅट. त्याच एलिमेंटपर्यंत ११ व्होल्टच पोचले, तर मिळते १५ वॅट. व्होल्टेज पाचव्या हिश्शाहूनही कमी घटलं, पण उष्णता एक तृतीयांशाने गेली, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते.

मधले अडीच व्होल्ट कुठे गेले? वाटेतल्या एखाद्या वाईट जॉइंटमध्ये. आणि हिशेब करून बघा, दोन मुठींचा जवळपास पावणेतीन अँपिअर करंट असताना अडीच व्होल्ट खायला एका ओहमपेक्षाही कमी अडथळा पुरतो. म्हणजे ओहमवर ठेवून मोजलंत, तर हा दोष तुमच्या स्वस्त मीटरला दिसणारही नाही. "वायर चेक केली, कंटिन्युइटी आहे, बीप वाजतोय" असं सांगून मेकॅनिक मोकळा होतो. तो खोटं बोलत नसतो. बीप वाजतोच. पण बीप वाजायला नावापुरता करंट लागतो आणि मूठ तापायला खरा करंट.

म्हणून ही चाचणी करंट वाहत असतानाच करायची. इंजिन चालू, ग्रिप्स १०० टक्क्यांवर (कमी पातळीवर ठेवल्या, तर चालू-बंदच्या खेळामुळे मीटर भलतंच दाखवेल). मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन कंट्रोलरमध्ये शिरणाऱ्या प्लस वायरवर. जो आकडा येईल, तेवढे व्होल्ट वाटेत हरवलेत. शून्य पॉइंट दोन-तीन आला तर चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर मध्ये कुठेतरी गडबड आहे. मग काळी पिन फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, प्रत्येक जॉइंटच्या अलीकडे, पलीकडे नेत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर. हेच अर्थिंगच्या बाजूलाही करायचं, बॅटरीच्या मायनसपासून कंट्रोलरच्या मायनसपर्यंत. लोक अर्थिंग विसरतात, आणि कित्येकदा दोष तिथेच असतो, कारण अर्थची रिंग रंग दिलेल्या फ्रेमवर तशीच बोल्टखाली दाबलेली असते. रंगातून करंट जात नाही.

आपल्याकडे पावसाळा चार महिने आणि बाइक सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. कपलर उघडलात की पिनांवर हिरवट थर दिसतो. गॅरेजच्या भाषेत 'कार्बन धरलाय'. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक पॉलिश पेपर फिरवून तो जातो. पण खरा अपराधी बहुतेक वेळा वळून टेप मारलेला जॉइंट. दोन वायरी सोलल्या, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली. पहिल्या दिवशी सुरेख चालतो. मग थरथर, पाणी, ऊन. टेपचा चिकटपणा सुटतो, पीळ सैल होतो.

यात मला खरंच एक विनोद दिसतो. चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणारे कारखाने आहेत. तिथे टर्मिनल वायरवर नीट दाबलं गेलंय की नाही, हे ओढून किती जोराला सुटतं यावरून तपासतात, आणि पूर्ण हार्नेस टेस्ट बोर्डवर लावल्याशिवाय बाहेर जात नाही. दिवसभर हे काम करणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या बाइकवर पीळ देऊन टेप मारलेला जॉइंट खपवून घेतो! क्रिंप केलेलं टर्मिनल, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, एवढंच मागा. खर्च फारसा वाढत नाही.

दिवा लुकलुकतो आणि सगळं आपोआप बंद होतं, ते का?

वर सांगितलेली कमी व्होल्टेजची सोय आठवा. कंट्रोलर बॅटरी वाचवायला ग्रिप्स बंद करतोय. प्रश्न असा, की बॅटरी खरंच उतरलीय की कंट्रोलरला तसं वाटतंय?

इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा असेल, तर बॅटरी आणि चार्जिंग ठीक आहे. मग कंट्रोलरला कमी व्होल्टेज पोचतंय, म्हणजे पुन्हा तोच वाईट जॉइंट. पण बॅटरीवरच १२ च्या खाली आकडा असेल, तर बाइक तयार करते त्यापेक्षा तुम्ही जास्त वीज खर्च करताय.

हा हिशेब लोक करत नाहीत. लडाखला जाणाऱ्या बाइकवर हीटेड ग्रिप्स, फॉग लॅम्प्स, मोबाइल चार्जर, कधी हवेचा पंपसुद्धा. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा वीज पुरते. पण खिंडीत ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना आरपीएम कमी, वीज कमी आणि खर्च तेवढाच. तूट बॅटरीतून भरली जाते. आणि बॅटरी गार पडली की तिची ताकदही कमी होते. छोट्या-मध्यम बाइकची बॅटरी साधारण ८-९ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद करून ग्रिप्स पूर्ण चालू ठेवल्या, तर तासाभरातच सेल्फ कुरकुरायला लागेल. त्यामुळे चढावर रांगताना फॉग लॅम्प्स बंद, ग्रिप्स मध्यम, एवढं साधं पथ्य पाळलं तरी पुरतं.

फ्यूज मोठा टाकू नका, प्लीज

फ्यूज सारखा उडतोय म्हणून ५ च्या जागी १५ अँपिअरचा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हा आपला राष्ट्रीय जुगाड. पण फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो मोठा केला, की शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर तापते. आणि ही वायर जाते कुठून? बॅटरीपासून हँडलपर्यंत, म्हणजे बरोबर पेट्रोलच्या टाकीखालून. उष्णतेसाठी बसवलेली वस्तू भलत्या ठिकाणी उष्णता देऊ लागेल.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. मध्ये दोन फूट वायर फ्यूजशिवाय गेली, तर त्या दोन फुटांना कोणी वाली नाही.

करंट कुठून घ्यायचा हेही महत्त्वाचं. पार्किंग लाइटच्या बारीक वायरला टोचून घेतलेला करंट म्हणजे रोगाला आमंत्रण. त्या वायरीतून फक्त सिग्नल घ्या आणि मुख्य करंट रिलेमार्फत थेट बॅटरीवरून आणा. काही बाइकमध्ये कंपनीच जागा ठेवते. आपल्या शेजारी चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ३९० बाइकमध्ये हेडलाइटजवळ अ‍ॅक्सेसरीसाठी वेगळे कपलर आहेत, एक कायम चालू आणि एक चावीवर चालणारा. मालकाला दिलेल्या मॅन्युअलमध्ये ते दाखवलेले असतात. ते मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायला हे चांगलं निमित्त आहे. तिथे वायर कापावी लागत नाही, त्यामुळे वॉरंटीवरून वादही होत नाही.

ग्रिप्स कंपनीकडूनच बसून आल्या असतील, तर मात्र वरचं बरंचसं स्वतः करायला जाऊ नका. तिथे ग्रिप्स बाइकच्या कॉम्प्युटरशी बोलतात आणि दोषाची नोंद त्यात साठते. सर्व्हिस सेंटरचं स्कॅनर ती वाचतं. तुम्ही फक्त फ्यूज बघा आणि लक्षण नीट लिहून न्या. कधी बंद पडते, किती वेळाने, पावसात की कोरड्यात, हँडल वळवल्यावर की सरळ. "चालत नाही" एवढंच सांगितलंत, तर सरळ नवा पार्ट सुचवला जाण्याची शक्यता जास्त.

निघायच्या आधी दिघीतच खरी परीक्षा

मित्राने यंदा निघण्याआधी असं केलं. पहाटे साडेपाचला उठून पाण्याने भिजवलेले हातमोजे घालून आळंदीच्या दिशेने तासभर बाइक चालवली. ओले मोजे आणि वारा, म्हणजे उष्णता ओढून न्यायची बऱ्यापैकी सोय. ग्रिप्स पूर्ण चालू, फॉग लॅम्प्स चालू, मोबाइल चार्जिंगला. परत येऊन इंजिन चालू ठेवूनच बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, आणि सगळे जॉइंट हाताने चाचपले. गरम लागतो तो जॉइंट वाईट. मग बादलीभर पाणी ओतून परत एकदा. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

(कोविडच्या वेळी घरोघरी आलेली कपाळाची थर्मामीटर गन यासाठी वापरू नका. ती माणसाच्या तापाच्या आसपासचेच आकडे दाखवते.)

जाड हातमोज्यांचा मुद्दाही इथेच लक्षात आला. तळव्याला जाड अस्तर असलेला मोजा ग्रिपची उष्णता हातापर्यंत येऊच देत नाही. तळवा पातळ आणि वरची बाजू जाड असा मोजा हवा. ग्रिप फक्त तळवा तापवते. बोटांच्या पाठीवर लागणारा वारा ती थांबवू शकत नाही, त्यासाठी हँडगार्ड लागतात. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी ग्रिप्स पूर्ण ताकदीवर तासन् तास ठेवू नयेत, भाजलेलं कळत नाही.

वाटेत बंद पडलीच तर? मित्राच्या टँक बॅगेत आता दोन जादा फ्यूज, दोन मीटर वायर, चार क्रिंप टर्मिनल, टेप आणि छोटं मीटर असतं. त्याशिवाय भांडी घासायचे रबरी हातमोजे, मोठ्या मापाचे. बाइकच्या मोज्यांवरून ते चढवले की वारा आणि पाणी दोन्ही अडतं. दिसतं विचित्र, पण चालतं. फक्त ते घालून ब्रेक आणि क्लच नीट दाबता येतो का, हे घरीच बघून ठेवायचं.

आणि बोटं पूर्ण बधिर झाली, तर बाइक बाजूला घ्या. हात काखेत धरा, पाच-दहा मिनिटं. सायलेन्सरवर किंवा इंजिनवर हात शेकायचा मोह होतो. तो करू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो.